माझं ॲव्हरेज कुणी उतरवलं?

गाडीचं ॲव्हरेज वाढावं म्हणून लोक मेकॅनिकच्या मागं लागतात. माझं ॲव्हरेज कमी व्हावं म्हणून मी २००९ चा अख्खा उन्हाळा दुकानातल्या पंख्याखाली घालवला आणि त्याबद्दल मला एका माणसानंही शाबासकी दिली नाही. बायकोनं तर नाहीच नाही.

गोष्ट गोल्फची आहे. कोल्हापुरात, शाहूपुरीत, पाइप आणि मोटारपंप विकणाऱ्या माणसाचा गोल्फशी संबंध काय? काही नाही. खरं गोल्फचं मैदान मी आजपर्यंत पाहिलेलं नाही. पण बिलं करायला दुकानात कॉम्प्युटर आला, त्याला ब्रॉडबँड जोडायला प्रसेनजीत आला, आणि जाताना हा खेळ दाखवून माझं वाटोळं करून गेला. इंटरनेटवरचा खेळ. जगभरची माणसं खेळतात. काम एका हाताचं. माउस एकदा दाबला की काठी मागं जाते, दुसऱ्यांदा दाबला की जोर ठरतो, आणि पडद्यावरचा सरकता काटा परत रेघेवर येईल त्याच क्षणाला तिसऱ्यांदा दाबायचं. चुकलं की चेंडू झाडीत. अशी अठरा भोकं. जितके फटके कमी तितका माणूस भारी. शेवटच्या वीस डावांचं ॲव्हरेज तुमच्या नावापुढं लागतं, आणि ते बाहत्तरच्या खाली गेलं की नावामागं ‘मास्टर’ अशी सोनेरी पट्टी येते. माझं अठ्ठ्याहत्तर होतं. तीन महिने अठ्ठ्याहत्तरच होतं.

लांबचे फटके मला जमायचे. घात व्हायचा तो शेवटी, भोकाजवळच्या गुळगुळीत हिरवळीवर. तिथं पडद्यावर बारीक ठिपके सरकताना दिसतात. ठिपके जिकडं सरकतील तिकडं उतार. तो उतार बघून चेंडू ढकलायचा. मी ढकलायचो आणि चेंडू भोकाला वळसा घालून पुढं निघून जायचा. मग मी ओरडायचो. आमच्याकडं मनातल्या मनात चिडायची पद्धत नाही. समोरच्या बॅटरीच्या दुकानात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी त्या उताराची आई-बहीण काढायचो.

हे सगळं चालायचं अप्पांच्या शेजारी बसून.

अप्पा म्हणजे माझे वडील, भरमाप्पा. दुकान त्यांचं, पाटीवर नाव त्यांचं, जागाही त्यांच्याच नावावर. चंदगड नाहीतर शाहूवाडीकडचा शेतकरी पाइप घ्यायला आला की अप्पा म्हणायचे, आधी रान दाखव. एस.टी.नं त्याच्या गावाला जायचे, बांधावर पोटावर पडायचे, गाल मातीला टेकवून एक डोळा मिटायचे आणि बराच वेळ तसेच पडून राहायचे. मग उठून धोतर झाडत सांगायचे, “हितनं तिथं पाणी आपसूक जातंय. मोटार कशाला घेतोस?” गिऱ्हाईक मोटार घ्यायला आलेलं असायचं आणि हे त्याला मोटार नको म्हणून सांगायचे! कॉलेजात असल्यापासून मला या गोष्टीचा संताप यायचा. तीच गिऱ्हाइकं पुढं वीस-वीस वर्षं दुसऱ्या कुणाच्या दुकानाची पायरी चढली नाहीत, हे माझ्या टाळक्यात फार उशिरा शिरलं.

त्या उन्हाळ्याच्या दोन वर्षं आधी, श्रावणात, अप्पांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, वाचा गेली. उजवा हात तेवढा शाबूत होता. माझी बायको पवित्रा त्यांच्या डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवायची आणि ते उजव्या हातानं विभूती लावायचे. भाकरी स्वतः मोडून खायचे, हवं-नको बोटानं सांगायचे. मग दिवाळीनंतर एका सकाळी तो हातही पडला. उचलला की खाली पडायचा. नजर कुठंतरी एका जागी लागून राहिली, हाक मारली तरी मान वळेना. डॉक्टर म्हणाले, दुसरा बारीक झटका येऊन गेला असेल, आता काही कळत असेल असं वाटत नाही. आम्हीही तसंच धरून चाललो.

तरी ते रोज दुकानात असायचे, कारण आमच्यात मालकाची खुर्ची रिकामी ठेवून धंदा करत नाहीत. सकाळी नऊला मी आणि आमचा हमाल केरबा त्यांना वरच्या घरातून जिन्यानं उचलून खाली आणायचो. लाकडी खुर्चीत रस्त्याकडं तोंड करून बसवायचं, घसरू नयेत म्हणून उपरण्यानं खुर्चीला बांधायचं, मग उदबत्ती. गिऱ्हाईक आलं की आधी त्यांच्या पाया पडायचं आणि नंतर माझ्याशी बोलायचं. जिना इतका अरुंद की दुपारी परत वर नेणं जमायचं नाही. दीड वाजता केरबा घरी जायचा, मी शटर अर्धं ओढून वर जेवायला आणि झोपायला जायचो, आणि अप्पांना पवित्रा खालीच भरवायची. चारला मी पुन्हा खाली.

कॉम्प्युटर काउंटरवर, अप्पांच्या खुर्चीच्या उजव्या अंगाला. म्हणजे मी त्यांच्याजवळ बसून खेळायचो, त्यांच्याजवळ बसून शिव्या द्यायचो आणि त्यांच्याजवळ बसूनच फोनवर माझ्या धाकट्या भावाशी बोलायचो. भाऊ श्रीशैल, बंगलोरला मोठ्या कंपनीत साहेब. त्याच्या डोक्यात एकच विषय. दुकानाच्या जागेवर एका बिल्डरचा डोळा होता. जागा विकायची, मी फ्लॅट घ्यायचा, अप्पांना मिरजेला म्हाताऱ्या-आजाऱ्यांना सांभाळणारी एक संस्था आहे तिथं ठेवायचं. अडलं होतं ते एवढ्यावरच की जागा अप्पांच्या नावावर आणि अप्पांचा हात पडलेला. मे महिन्यात श्रीशैलला कोणी वकील भेटला. तो म्हणाला, सही नको, अंगठ्यावर भागवतो. शनिवारी कागद घेऊन येतो, असं श्रीशैलनं कळवलं. मी बरं म्हणालो. मला दुकानाचा कंटाळाच आला होता, खोटं कशाला बोलू.

तर त्या शनिवारच्या पंधरा-वीस दिवस आधीची गोष्ट. सकाळी उदबत्ती लावली, खेळ उघडला आणि नावापुढं बघतो तर शहात्तर! चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. शहात्तरच. आदल्या दिवशी अठ्ठ्याहत्तर बघून उठलो होतो. माणूस स्वतःवर किती खूश असतो बघा. माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही. मला वाटलं, आदल्या आठवड्यात दोन डाव बरे झाले होते, त्यांचा हिशेब आता लागला. चार दिवसांनी चौऱ्याहत्तर. मग त्र्याहत्तर. मी प्रसेनजीतला फोन करून सांगितलं, “बघ, मेहनत केली की फळ मिळतंय.” पवित्रालाही सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली. मला वाटलं, नवऱ्याचं कौतुक वाटलं असेल.

आणि एका बुधवारी सकाळी नावामागं सोनेरी पट्टी आली. मास्टर. एकाहत्तर पूर्णांक चार. मी केरबाला चहा आणायला पिटाळलं आणि जोशात एक डाव खेळायला बसलो. शहाऐंशी फटके झाले. मास्टर लोकांना चेंडू आणखी लांबून मारायला लावतात, त्यात माझी पार दैना उडाली. तेवढ्यात पडद्यावर एक निरोप दिसला. स्कॉटलंडमधला कुणी म्हातारा. इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा, की साहेब, काल तुमच्याबरोबर खेळून धन्य झालो, भोकाजवळच्या एकेका फटक्याला तुम्ही दोन दोन मिनिटं विचार करता, इतका सबुरीचा माणूस मी खेळात पाहिला नाही.

सबुरी आणि मी? आमच्या सात पिढ्यांत माझ्याइतका उतावळा माणूस झाला नसेल. आणि काल मी कुणा स्कॉटलंडवाल्याबरोबर खेळलोच नव्हतो. माझ्या नावानं दुसरंच कुणीतरी खेळत होतं.

पासवर्ड माहीत असलेला दुसरा माणूस एकच. मी प्रसेनजीतला बोलावून घेतलं आणि तो पायरी चढतोय न चढतोय तोवर सुरू झालो.

“प्रसेन, लाज वाटती का न्हाय? माझ्या नावावर डाव मारतोस व्हय?”

“काय बोलाय लागलाय शेठ?”

“माझं ॲव्हरेज कुणी उतरवलं? तुझ्याबिगर कुणाला येतंय हे?”

प्रसेनजीत तसा शांत पोरगा, पण तोही इथलाच. “तोंड सांभाळा,” म्हणाला. “दिवसभर लोकांच्या गच्चीवर तारा वढतोय मी. तुमचा गोल्फ खेळाय वेळ कुणाला हाय? उठा, सरका तिकडं.” त्यानं मला उठवलं, कॉम्प्युटरवर दोन-चार ठिकाणी दाबलं आणि यादी काढून माझ्यासमोर ठेवली. माझे डाव कुठले, दुसऱ्याचे कुठले, सगळं तारीखवार. माझे डाव सकाळ-संध्याकाळचे. दुसरे सगळे दुपारी दोन ते साडेतीनच्या मधले, रोज एक, कधी दोन.

“आणि हे सगळं ह्याच मशीनवर झालंय,” तो म्हणाला. “हितं बसून. पासवर्डचा सवालच न्हाय, तुम्ही कधी बंद करून जातच न्हाय. चोर घरात हाय तुमच्या. आधी घरात बघायचं आणि मग दुसऱ्याला चोर म्हणायचं.” बॅग उचलून तो चालता झाला. मी हाक मारली, पण त्यानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

घरात कोण? केरबा दीडला जातो आणि त्याला माउस धरता येत नाही. उरली पवित्रा. माझी बायको, जिची मी तीन महिने या खेळावरून बोलणी खाल्ली होती, ती गुपचूप दुपारी बसून माझ्यापेक्षा सात फटके चांगली खेळते? मला हसूही आलं आणि मनात कुठंतरी झोंबलंही. ठरवलं, उद्या पकडायचं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, जेवलो, घोरायचं नाटक केलं, आणि दोन वाजून गेल्यावर मागच्या दारानं उतरून बोळातून फिरून दुकानासमोर आलो. उन्हानं फुटपाथ तापलेला. शटर अर्ध्यावर. मी गुडघ्यावर बसून खाली वाकून आत बघितलं.

पवित्रा तिथं नव्हती. अप्पांची खुर्ची रस्त्याकडं नव्हती, कॉम्प्युटरकडं वळवलेली होती. अप्पा उपरण्यानं बांधलेले होते, डावा हात मांडीवर तसाच पडलेला होता. आणि उजवा हात माउसवर होता.

पडद्यावर हिरवळ होती, ठिपके सरकत होते. अप्पांनी उपरणं ताणत ताणत मान खाली घातली, गाल जवळजवळ काउंटरला टेकवला, एक डोळा मिटला. आणि तसेच राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. मग बोट हललं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. चेंडू भलतीकडंच निघाला. मी मारला असता त्याच्या पार उजवीकडं. मग हळूहळू वळला, वळत वळत आला आणि भोकात पडला. अप्पांच्या घशातून “हं” असा आवाज आला. बांधावरून उठताना ते असाच आवाज काढायचे.

“काय पावणं, काय हरवलं?” रस्त्यानं जाणाऱ्या एकानं विचारलं. मी काय उत्तर दिलं मला आठवत नाही. माझे गुडघे भाजत होते, तरी मी उठलो नाही.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. बाप परत मिळाला होता. पण खरं सांगतो, मला आधी घाम फुटला. कारण त्या हाताबरोबरच मला दुसरी गोष्ट कळली. या माणसाला सगळं कळतंय. आणि दीड वर्ष मी त्यांच्या शेजारी बसून काय काय बोललो होतो! मिरजेतली खोली पाहून आल्यावर श्रीशैलला फोनवर सांगितलं होतं, “अप्पा म्हंजे आता दुकानातला एक नग हाय. हितनं उचलायचा, मिरजेत नेऊन ठेवायचा. त्यांना काय फरक पडतोय?” हे बोलताना माझा हात त्यांच्याच खुर्चीच्या पाठीवर होता. मला माझीच किळस आली.

मी धावत वर गेलो. पवित्रा तांदूळ निवडत होती.

“पवित्रा! अप्पांचा हात—”

“आज कळलं व्हय तुम्हाला?” तिनं मान वर न करता विचारलं.

मी दारातच बसलो. म्हटलं, “तुला म्हाईत हाय?”

“दीड वरीस झालं. हात पडला म्हणून तुम्ही सगळे रडत होता ना, त्याच्या आठव्या दिवशी. त्यांना भरवताना कडकडीत आमटी माझ्या हातावर सांडली. मी वरडले. तर त्यांनी तांब्या उचलला आणि माझ्या हातावर पाणी वतलं. मी बघतच ऱ्हायले. मग ओठावर बोट ठेवलं त्यांनी. गप ऱ्हा म्हणून.”

“आणि तू गप ऱ्हायलीस? मला सांगायचं न्हाय?”

पवित्रानं सूप खाली ठेवलं. ती भांडखोर बाई नाही. पण त्या दिवशी तिच्या नजरेला मी नजर देऊ शकलो नाही.

“सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही? पेन दिलं असतं त्यांच्या हातात.”

ती थांबली नाही.

“आठवतंय का, हात कुठल्या सकाळी पडला? शिरूभावजी पहिल्यांदा जागेचे कागद घेऊन येणार होते त्या सकाळी. आदल्या दिवशी त्याच हातानं भाकरी मोडून खाल्ली होती त्यांनी. हात चालतोय म्हटलं की सही आली. आणि शुद्ध हाय म्हटलं की हो-न्हाय करणं आलं. दोन पोरांपुढं त्यांचं काय चाललं असतं? मग त्यांनी हातच बंद करून टाकला. स्वतःहून! तुमच्या ध्यानात कसं आलं न्हाय?”

खरंच, कसं आलं नाही? डॉक्टरांना फसवलं म्हणा, आम्हाला फसवायला त्यांना काहीच करावं लागलं नाही. आम्हाला तेच हवं होतं.

“आणि खेळ?” मी विचारलं.

“मीच फिरवते खुर्ची. काय करणार? तीन महिनं तुम्ही त्यांच्या नाकासमोर उतार चुकवताय. बघवंना झालं त्यांना.”

चार वाजता खाली गेलो तर खुर्ची पुन्हा रस्त्याकडं. हात मांडीवर मेलेला. नजर रस्त्यापलीकडं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी स्टूल घेऊन त्यांच्यासमोर बसलो. म्हटलं, “अप्पा, मी बघितलं. मला कळलंय सगळं.” काही नाही. म्हटलं, “अप्पा, चुकलं माझं.” पापणीसुद्धा हलली नाही. मी त्यांचा उजवा हात हातात घेतला, उचलला, सोडला. धपकन मांडीवर पडला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि का ठेवावा? मी उद्या पेन आणणार नाही, याची त्यांना काय खात्री?

शुक्रवारी दुपारी पवित्रानं खुर्ची फिरवली, पण एकही डाव झाला नाही. ॲव्हरेज जिथल्या तिथं. त्या माणसाकडं दिवसातला एक तास होता आणि तोही मी बंद पाडला होता.

श्रीशैलला फोन करून येऊ नको म्हणावं, असं मनात दहा वेळा आलं. पण काय सांगायचं? हात चालतो म्हणालो असतो तर तो म्हणाला असता, बेस झालं, मग सहीच घेऊ. आणि नुसतंच विकायचं नाही म्हणालो असतो तर त्यानं मला दहा मिनिटांत पटवलं असतं. मी भित्रा माणूस आहे. घरात सगळ्यात मोठा आवाज माझा, पण एकही निर्णय कधी माझा नव्हता. आधी अप्पांचा होता, मग श्रीशैलचा.

शनिवारी सकाळी तो बसमधून उतरून थेट दुकानात आला. अप्पांच्या पाया पडला. तेही अगदी मनापासून. पोरगा वाईट नाही. मग काउंटरवर फाइल उघडली, कागद काढले आणि खिशातून निळा स्टॅम्पपॅड.

“अण्णा, दोन पानांवर अंगठा. बास. दुपारच्या गाडीनं मी परत,” तो म्हणाला. “मिरजेत एक तारखेपासनं खोली धरलीया.”

त्यानं अप्पांचा उजवा हात उचलला. तो ओल्या पंच्यासारखा लोंबत होता. अंगठा पॅडवर दाबला. मी अप्पांकडं बघत होतो. चेहरा नेहमीसारखा दगड. नजर रस्त्यावर. पण कपाळावरच्या विभूतीच्या पट्ट्यांतून घाम उतरत होता आणि पंखा तर डोक्यावरच चालू होता. हात चालू असलेला माणूस हात ओढून घेत नव्हता. ओढला असता तर दीड वर्षाचं सगळं सोंग उघडं पडलं असतं, नाही ओढला तर दुकान जाणार होतं. माझ्या बापाला मी असं अडकवलं होतं.

“शिरू, थांब,” मी म्हणालो.

“काय झालं?”

“न्हाय इकायचं.”

त्याला कळलंच नाही. “काय?”

“दुकान इकायचं न्हाय. अप्पा कुठंबी जाणार न्हाईत. हितंच ऱ्हाणार, ह्या खुर्चीत.”

“अण्णा, डोकं ठिकाणावर हाय का? तूच म्हणालास की, अप्पा म्हंजे एक नग हाय, उचलायचा आणि मिरजेत ठेवायचा. हे तुझं शब्द हाईत, माझं न्हाईत!”

भर दुकानात, अप्पांच्या तोंडासमोर माझे शब्द माझ्या अंगावर आले. दारात केरबा उभा होता, त्यानंही ऐकलं.

“म्हणालो,” मी म्हटलं. “ह्याच जागंवर उभा राहून म्हणालो. त्यांना ऐकू जात होतं तरी म्हणालो. जोडा मारला पायजे मला.”

“त्यांना काय कळतंय? डॉक्टरनं सांगितलंय की!”

“त्यांना कळतंय.”

“कशावरनं म्हणतोस?”

सांगणं सोपं होतं. कॉम्प्युटर एका हाताच्या अंतरावर होता, प्रसेनजीतनं दाखवलेली यादी मलाही आता काढता येत होती. पण ते गुपित माझं नव्हतं. मी म्हटलं, “कशावरनं ते सोड. मी थोरला हाय. मी न्हाय म्हणतोय.” आणि तो काही बोलायच्या आत मी ते दोन्ही कागद उचलले आणि फाडले. एकदा फाडले, मग तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा फाडले. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी ठरवलं होतं आणि मला भीतीच वाटत होती.

श्रीशैल नको नको ते बोलला. मला कर्तव्य सांगितलं, अक्कल काढली, माझ्या खेळाचाही उद्धार केला. शेवटी फाइल बॅगेत कोंबली आणि पायरीकडं निघाला. मी फडकं घेतलं आणि अप्पांच्या अंगठ्याची शाई पुसायला त्यांच्यापुढं वाकलो.

तो हात वर आला आणि माझ्या डाव्या गालावर फाडकन बसला.

आजाऱ्याची चापट नव्हती ती. कान सुन्न झाला. लहानपणी मोटारीचा पट्टा हरवला होता तेव्हा अशी बसली होती, त्यानंतर आज. पवित्रा जिन्यावरून धावत खाली आली, केरबा “मालक!” म्हणून ओरडला, आणि श्रीशैलच्या हातातली बॅग पायरीवर पडली. मी तसाच वाकलेला. गालावर त्यांच्या अंगठ्याची ओली शाई मला जाणवत होती, जी कागदावर लागायची होती ती. आणि अप्पा माझ्याकडं बघत होते. रस्त्याकडं नाही, माझ्याकडं. दीड वर्षानं. मारलेला हात त्यांनी मागं घेतला नव्हता, तो माझ्या गालावरच होता. मी चाळिशीचा बाप्या हुंदके देऊन रडायला लागलो.

“हात... हात हलला?” श्रीशैलनं विचारलं. त्याचा आवाज फुटला होता. “कधीपासनं?”

अप्पांनी माझ्या गालावरचा हात काढला, दाराकडं वळवला आणि एका बोटानं त्याला जवळ बोलावलं.

श्रीशैल बंगलोरला चाळीस माणसांचा साहेब आहे. तो आला, फाटलेल्या कागदांवर पाय देत खुर्चीपुढं गुडघ्यावर बसला आणि त्यानं आपणहून गाल पुढं केला. मी डोळे मिटून घेतले. आवाज तेवढा ऐकला.